ऊसतोडीला निघण्यापूर्वी करावयाच्या सोप्या आरोग्य तपासण्या



नेकनूरच्या बाजारात बैल घ्यायचा म्हटला म्हणजे आपण त्याचे दात पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून बघतो आणि मगच सौद्याला बसतो. सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते मोजतो. खताची मात्रा ठरविण्यापूर्वी माती परीक्षण करून घ्यावे, हे तर या पानांतून आपण अनेकदा वाचले आहे. शेतीत तपासणी आधी आणि खर्च नंतर, हा नियम आता बहुतेकांना पटला आहे.

हाच नियम घरातील माणसांच्या बाबतीत मात्र पाळला जात नाही. घरातील स्त्री महिनोन्‌महिने थकवा, कंबरदुखी, अंगावरून पांढरे जाणे अशा तक्रारी सहन करते. दुखणे फारच वाढले म्हणजे दवाखाना गाठला जातो आणि कित्येकदा कोणतीही नीट तपासणी न होता मोठा उपचार ठरतो. अशा वेळी उपयोगी पडतील अशा कमी खर्चाच्या, कुठेही नेता येणाऱ्या व काही मिनिटांत निकाल देणाऱ्या तपासण्या आज उपलब्ध आहेत. त्यांतील बऱ्याचशा गावातील उपकेंद्रावर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रावर होतात. त्या कोणत्या, कशा चालतात, कोठे फसतात आणि निकाल हाती आल्यावर काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे. लेखक कृषिविद्येचा शिक्षक आहे, डॉक्टर नव्हे. म्हणून औषधोपचाराचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

हा विषय आपल्या भागासाठी महत्त्वाचा का?

मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नेकनूर व आसपासचा परिसर बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात येतो. जमीन बरीचशी हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. खरिपाच्या उत्पन्नावर वर्ष निघत नाही. त्यामुळे बीड जिल्ह्यातील हजारो अल्पभूधारक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पुढील पाच-सहा महिने मुक्काम कोपीत, पाणी लांबून आणायचे, शौचालय नाही आणि पहाटेपासून फडात काम. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो व त्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही बाईला मोळी उचलावीच लागते.

या परिस्थितीचा परिणाम २०१९ साली सर्वांसमोर आला. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ महिला ऊसतोड मजुरांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढून टाकलेले आढळले. म्हणजे साधारणपणे दर सहा जणींमागे एक. याच्या तुलनेत २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील देशभरातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात सुमारे तीन इतकेच होते.

गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया मुळात वाईट नाही. कर्करोग, औषधाला दाद न देणाऱ्या मोठ्या गाठी, अंग फार बाहेर येणे अशा कारणांसाठी ती आवश्यक ठरते. परंतु पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे व पाळीत जास्त रक्त जाणे या तक्रारींमागे पुष्कळ वेळा जंतुसंसर्ग किंवा गोळ्या-औषधांनी बरी होणारी दुसरी कारणे असतात. ती न तपासता “पिशवी खराब झाली, आता कॅन्सर होईल” असे सांगितले गेले, की घाबरलेले कुटुंब कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेते. कमी वयात गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले गेले तर पाळी जाण्याचे सर्व त्रास लगेच सुरू होतात आणि हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात. ज्या कंबरेवर मोळी उचलायची, तीच कंबर कायमची दुखू लागते. बियाण्याची उगवणशक्ती न पाहता पेरलेले वावर निदान मोडून पुन्हा पेरता येते. काढलेले गर्भाशय पुन्हा बसविता येत नाही.

सुटसुटीत तपासणी कशाला म्हणावे?

ज्या ठिकाणी प्रयोगशाळा नाही, वीज भरवशाची नाही आणि रोग्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा येणे जमत नाही, तेथे वापरावयाच्या तपासण्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने काही कसोट्या ठरविल्या आहेत. त्या थोडक्यात अशा :

१) ती गरिबाला परवडावी.
२) रोग असेल तर तो सहसा सुटू नये.
३) रोग नसेल तर उगाच रोग दाखवू नये.
४) थोड्या प्रशिक्षणाने करता यावी.
५) निकाल लवकर मिळावा व उष्णता, प्रवास सोसावा.
६) मोठ्या यंत्राची गरज नसावी.
७) ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंत ती पोहोचावी.

यांतील दुसरी व तिसरी कसोटी नीट समजून घ्यावी. कोणतीही तपासणी शंभर टक्के बिनचूक नसते. चाळणीची भोके मोठी ठेवली तर खड्याबरोबर धान्यही खाली जाते, बारीक ठेवली तर धान्याबरोबर खडेही वर राहतात. तपासणीचेही तसेच आहे. म्हणून पुढे सांगितलेल्या बहुतेक तपासण्या या पहिली चाळण आहेत. पहिल्या चाळणीवर मोठा उपचार कधीही ठरवू नये. शंका निघाली तर दुसरी, अधिक खात्रीची तपासणी करावी.

१. हिमोग्लोबिन : सर्वांत आधी करावयाची तपासणी

रक्तातील तांबड्या रंगाचे द्रव्य म्हणजे हिमोग्लोबिन. फुप्फुसातील प्राणवायू शरीरभर पोहोचविण्याचे काम ते करते. ते तयार होण्यास लोह लागते. नत्र कमी पडले की पीक पिवळे पडते व वाढ खुंटते. लोह कमी पडले की माणूस फिकट पडतो, दम लागतो, काम उरकत नाही. यालाच रक्तक्षय किंवा पंडुरोग म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील १०० पैकी ५४ स्त्रियांना रक्तक्षय आहे.

१०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन किमान किती असावे, याचे प्रमाण असे :

पुरुष – १३ ग्रॅम
गरोदर नसलेली स्त्री – १२ ग्रॅम
गरोदर स्त्री – ११ ग्रॅम

गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ७ पेक्षा व इतर स्त्रियांचे ८ पेक्षा कमी असल्यास तो तीव्र रक्तक्षय समजतात. अशा स्त्रीने फडावर जाऊ नये, तातडीने रुग्णालय गाठावे.

*तपासणीच्या पद्धती :* जुनी पद्धत साहलीची. बोटातील २० मायक्रोलिटर रक्त सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळतात, त्याला तपकिरी रंग येतो आणि तो काचेच्या प्रमाण रंगाशी जुळेपर्यंत पाणी घालतात. स्वस्त आहे, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यावर आणि हातावर बरेच अवलंबून असते. त्याहून सोपा उपाय म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेला रंगतक्ता. खास टिपकागदावर रक्ताचा थेंब घ्यायचा, अर्धा मिनिट थांबायचे आणि तो ४ ते १४ ग्रॅमपर्यंतच्या सहा तांबड्या छटांशी ताडून पाहायचा. भाताला नत्र द्यायचे की नाही हे पानाचा रंग तक्त्याशी जुळवून ठरवितात, त्यातलाच हा प्रकार. ढोबळ अंदाजासाठी तो चांगला, पण १०.५ आणि ११.५ मधील फरक त्यात कळत नाही.

आज गावपातळीवर अधिक खात्रीचे साधन म्हणजे बॅटरीवर चालणारा डिजिटल हिमोग्लोबिन मापक. २०१८ साली सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गावपातळीवरील तपासणीसाठी याच साधनाची शिफारस आहे. पट्टीवर रक्ताचा एक थेंब ठेवला की मिनिटाच्या आत आकडा दिसतो. यंत्र हाताच्या पंज्यात मावते.

बोट न टोचता, केवळ प्रकाशाच्या साहाय्याने हिमोग्लोबिन मोजण्याचे प्रयत्नही झाले. त्यांतील एक आपल्या राज्यातला आहे. मुंबईच्या बायोसेन्स या संस्थेतील तरुण डॉक्टर व अभियंत्यांनी बोटाला चिमट्यासारखे लावायचे यंत्र तयार केले. त्यांच्यापैकी मिश्किन इंगवले यांनी २०१२ साली ते जाहीरपणे दाखविले, तेव्हा आधीचे ३२ नमुने फसल्यानंतर तेहेतिसावा चालल्याचे सांगितले होते. अशी यंत्रे सुईची भीती घालवितात. तथापि त्वचेचा रंग, थंड बोटे, हाताची हालचाल यांमुळे आकड्यात फरक पडतो. त्यामुळे उपचार ठरविताना बोटातील किंवा शिरेतील रक्ताची तपासणीच धरावी.

*नमुना घेताना घ्यावयाची काळजी :* मातीचा नमुना शेणखताच्या ढिगाजवळून घेतला तर अहवाल चुकतो, हे आपणांस ठाऊक आहे. रक्ताच्या नमुन्याचेही तसेच आहे.

अ) हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. थंडीत हात चोळून गरम करावेत.
आ) बोटाच्या टोकाच्या मध्यावर न टोचता किंचित बाजूला टोचावे.
इ) पहिला थेंब पुसून टाकावा व दुसरा घ्यावा.
ई) रक्त यावे म्हणून बोट पिळू नये. पिळल्याने रक्तात अंगातील पाणी मिसळते व आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो.
उ) प्रत्येक व्यक्तीसाठी नवी सुई वापरली जाते आहे, हे स्वतः पाहावे.

*कमी आढळल्यास :* आरोग्य केंद्रातून लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मोफत मिळतात. किती व किती दिवस घ्यायच्या हे परिचारिका किंवा डॉक्टर ठरवितील. गोळी जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. शौचाला काळे होते, त्याची भीती बाळगू नये. महिनाभर नियमित गोळ्या घेतल्यावर हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने वाढले पाहिजे. न वाढल्यास पोटातील जंत, पाळीतील अतिरक्तस्राव किंवा दुसरे काही कारण आहे असे समजून पुढील तपासणी करावी. म्हणजे ही तपासणी एकदा करून भागत नाही. निघण्यापूर्वी दोन महिने एकदा व निघताना पुन्हा, अशी दोनदा करावी.

आहाराच्या बाबतीत आपल्या हातातील उपाय म्हणजे बाजरी. साध्या बाजरीत किलोमागे साधारण ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘एएचबी १२०० एफई’ या संकरित वाणात ते सुमारे ७३ मिलिग्रॅम आहे. घरच्या खाण्यापुरते तरी दोन-चार गुंठे या वाणाचे घ्यावेत. भाकरीबरोबर हिरवी पालेभाजी व वरून लिंबू पिळल्यास लोह अधिक शोषले जाते. मात्र हिमोग्लोबिन बरेच कमी असल्यास केवळ आहारावर विसंबू नये, गोळ्या घ्याव्यातच.

२. रक्तदाब व लघवीची पट्टी

रक्तदाब मोजण्याचे बॅटरीवरील यंत्र आता बहुतेक उपकेंद्रांत असते. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली व हात हृदयाच्या पातळीवर असावा. १४० / ९० किंवा त्याहून अधिक आकडा आल्यास पुन्हा मोजून घ्यावा व डॉक्टरांना दाखवावे. गरोदर स्त्रीच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे, कारण वाढलेला रक्तदाब आई व बाळ दोघांच्या जिवावर बेततो.

लघवीची पट्टी ही प्लास्टिकची अरुंद पट्टी असून तिच्यावर रसायन लावलेले छोटे चौकोन असतात. ताज्या लघवीत बुडवून डबीवर लिहिलेल्या वेळेनंतर तिचा रंग डबीवरील रंगांशी जुळवितात. वेळेआधी किंवा फार उशिरा पाहिल्यास रंग फसवा दिसतो. प्रथिने दिसल्यास गरोदरपणातील रक्तदाबाच्या विकाराची शंका येते आणि साखर दिसल्यास मधुमेहाची. काही पट्ट्यांवर पांढऱ्या पेशी व नायट्राइट यांचेही चौकोन असतात. ते रंगले तर मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असण्याची शक्यता असते. फडावर पाणी कमी पिणे व लघवी तुंबवून धरणे यामुळे हा संसर्ग अनेकींना होतो. त्याने ओटीपोटात दुखते, आणि हेच दुखणे “पिशवीचे दुखणे” समजले जाते. एका पट्टीने हा गोंधळ पुष्कळसा दूर होतो.

डबीचे झाकण घट्ट लावावे. बियाण्याप्रमाणेच ओल व ऊन यांनी पट्ट्या खराब होतात.

३. गर्भाशयमुखाची तपासणी : शेजारच्या जिल्ह्याने जगाला दिलेला धडा

कॅन्सरच्या भीतीने गर्भाशय काढले जाते, असे वर सांगितले. ही भीती तपासून घेण्याचा मार्ग आहे आणि तो शोधण्यात आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील स्त्रियांचा फार मोठा वाटा आहे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग एकाएकी होत नाही. ह्युमन पॅपिलोमा, म्हणजे एच.पी.व्ही. या विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षे टिकला तर पेशींत हळूहळू बदल होतात आणि दहा-पंधरा वर्षांनी त्यांतील काहींचा कर्करोग होतो. मधल्या काळात बदल सापडला तर गर्भाशय न काढता, तेवढाच भाग थंड किंवा गरम उपकरणाने नष्ट करून रोग टाळता येतो.

हा बदल शोधण्याची सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे व्हिनेगरची तपासणी. प्रशिक्षित परिचारिका किंवा डॉक्टर गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल कापसाने लावतात व सुमारे एक मिनिट थांबून उजेडात पाहतात. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. वीज, प्रयोगशाळा काही लागत नाही आणि निकाल जागेवर मिळतो. ही तपासणी घरी करून पाहण्याची नव्हे. ती प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करून घ्यावी.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर या पद्धतीचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवडे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी ही तपासणी करविली. बारा वर्षांनंतर, २०१३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहकार्याने दुसरा मोठा अभ्यास १९९९ मध्ये सुरू झाला. त्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया सहभागी होत्या. गावांचे ५२ गट पाडून त्यांची चार भागांत विभागणी केली. आपल्या पीक प्रयोगात उपचार व नियंत्रण असे वाफे असतात, त्याच धर्तीवर. एका भागात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरची तपासणी आणि चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. चौथ्या भागातील स्त्रियांना तपासणी न देण्याबद्दल पुढे आक्षेपही घेतले गेले. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांमध्ये या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीच्या व्यवस्थेतील सुमारे साडेएकतीस हजार स्त्रियांमध्ये ६४. म्हणजे मृत्यू जवळपास निम्मे झाले. एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीने मात्र असा स्पष्ट फरक दिसला नाही.

या दोन अभ्यासांतून शेतकऱ्याने काय घ्यावे? व्हिनेगरची तपासणी उपयोगी आहे, पण ती ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. विषाणूची तपासणी अधिक खात्रीची आहे व ती जेथे उपलब्ध असेल तेथे तिला प्राधान्य द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेचीही २०२१ पासून तीच शिफारस आहे. आपल्याकडील २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी करावयाची आहे. आपल्या उपकेंद्रातील परिचारिकेकडे तिची चौकशी करावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उस्मानाबादच्या अभ्यासात १०० पैकी सुमारे १४ स्त्रियांना व्हिनेगरने पांढरा डाग दिसला, परंतु खरोखर धोक्याचा बदल त्यांतील फार थोड्या जणींत निघाला. पांढरा डाग म्हणजे कर्करोग नव्हे. ते पुढील तपासणीचे निमंत्रण आहे. भिंगातून पाहणे, गरज पडल्यास लहान तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठविणे, या पायऱ्या झाल्याशिवाय गर्भाशय काढण्यास संमती देऊ नये.

४. इतर उपयोगी तपासण्या

*हिवताप :* थंडी वाजून ताप आल्यास बोटातील रक्ताच्या थेंबावर पट्टीची तपासणी होते व १५ ते २० मिनिटांत निकाल कळतो. आशा कार्यकर्तीकडे चौकशी करावी. ताप आल्याबरोबर, गोळी घेण्यापूर्वी तपासणी करावी.

*क्षयरोग :* दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी करावी. गोव्याच्या मोलबायो कंपनीने बनविलेले ‘ट्रुनॅट’ हे बॅटरीवर चालणारे यंत्र तासाभरात निकाल देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. थुंकी सकाळची व खोल खोकून काढलेली असावी. नुसती लाळ दिल्यास रोग असूनही सुटतो.

*प्राणवायूचे प्रमाण :* कोरोनाच्या साथीत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी आले. आकडा ९४ च्या खाली राहिल्यास डॉक्टरांकडे जावे. नखांवरील गडद रंग किंवा मेंदी व थंड बोटे यांमुळे आकडा चुकू शकतो.

तपासण्यांचे वेळापत्रक

पोळ्याच्या सुमारास : सर्व मोठ्या माणसांचे हिमोग्लोबिन व रक्तदाब. कमी असल्यास गोळ्या लगेच सुरू. ३० वर्षांवरील स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी याच वेळी करावी, म्हणजे पुढील तपासणीला वेळ मिळतो.

दसऱ्याच्या सुमारास : हिमोग्लोबिनची फेरतपासणी. पांढरे जाणे, लघवीला जळजळ असल्यास लघवीची तपासणी व औषधाचा कोर्स पूर्ण करणे. गरोदर असल्यास नोंदणी कार्ड तयार ठेवणे.

निघताना : सर्व निकाल एका वहीत तारखेसह लिहून बरोबर घेणे. लोहाच्या गोळ्या पुरेशा घेणे.

परतल्यावर, अक्षय्य तृतीयेनंतर : पुन्हा हिमोग्लोबिन, रक्तदाब व वजन.

वहीचे महत्त्व मोठे आहे. माती परीक्षणाची पत्रिका जपून ठेवली तरच तीन वर्षांनी जमीन सुधारली की बिघडली ते कळते. कारखान्याच्या गावातील डॉक्टर आपल्याला ओळखत नाही. वही दाखविली तर त्याला मागील इतिहास कळतो व तीच तपासणी पुन्हा करण्याचा खर्च वाचतो.

गर्भाशय काढण्यास सांगितल्यास विचारावयाचे प्रश्न

१) नेमका आजार कोणता? त्याचे नाव कागदावर लिहून द्याल का?
२) हे निदान कोणत्या तपासणीवरून केले? अहवाल आम्हाला मिळेल का?
३) गोळ्या-औषधांनी किंवा लहान उपचाराने हा आजार बरा होऊ शकतो का?
४) महिना-दोन महिने थांबलो तर काय धोका आहे?
५) अंडाशय ठेवणार की काढणार?

या प्रश्नांची उत्तरे घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे. नेकनूरला शासकीय रुग्णालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे आणि केजमार्गे पुढे अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. फार रक्तस्राव, चक्कर, शुद्ध हरपणे अशी तातडी सोडल्यास दुसरे मत घेण्याइतका वेळ बहुतेक वेळा असतो. २०१९ साली गवगवा झाल्यानंतर बीड जिल्ह्यातील खाजगी रुग्णालयांवर अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घालण्यात आले होते. त्याबाबतही विचारणा करावी.

पुरुष मंडळी व गावाची जबाबदारी

या तपासण्या स्त्रियांनी करावयाच्या असल्या तरी निर्णय व खर्च बहुधा पुरुषांच्या हाती असतो. उचल हाती आली की कपडालत्ता, बाजारहाट होतो. त्यातच एक दिवस आरोग्य केंद्रासाठी ठेवावा. बहुतेक तपासण्या तेथे मोफत किंवा अल्प दरात होतात, जातो तो फक्त दिवस. बचत गटांनी सभासदांची एकत्र तारीख ठरवून आशा कार्यकर्तीस कळवावी. पंधरा-वीस जणी एकदम गेल्यास संकोच राहत नाही व परिचारिकेलाही तयारी ठेवता येते. मुकादमांनीही यात लक्ष घालावे. ७ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेली मजूर महिला फडात कोसळली तर टोळीचेच काम अडते. ग्रामपंचायतीने डिजिटल हिमोग्लोबिन मापकाच्या पट्ट्या, बॅटऱ्या शिल्लक आहेत की नाहीत याची चौकशी करावी. पट्ट्यांवाचून पडून असलेले यंत्र म्हणजे डिझेलवाचून उभे असलेले इंजिन.

शेतकरी बंधूंनो, एका थेंबाची तपासणी, एक रंगीत पट्टी आणि कापसाच्या बोळ्याने लावलेले व्हिनेगर यांचा खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे अगदीच किरकोळ आहे. शस्त्रक्रियेसाठी घेतलेल्या कर्जापायी पुढच्या हंगामाची उचल आधीच संपते आणि दुखणे राहते ते राहतेच. तरी यंदा कोयता बाहेर काढण्यापूर्वी घरातील प्रत्येकाची, विशेषतः स्त्रियांची तपासणी करून घ्यावी, निकाल वहीत लिहावेत आणि तपासणीच्या कागदाशिवाय कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेस संमती देऊ नये.